लिव्हिंग विल : गोव्यात करून घेतलेल्या एका कागदाचे परीक्षण

जी सेवा प्रत्यक्ष उपयोगी पडेल तेव्हा ग्राहक शुद्धीवर असणार नाही, तिचे परीक्षण लिहिणे थोडे चमत्कारिक आहे. खानावळीबद्दल लिहिणारा जेवून आलेला असतो आणि पर्यटन कंपनीबद्दल लिहिणारा फिरून आलेला असतो. लिव्हिंग विल करून ठेवणाऱ्याला मात्र आपला कागद ऐनवेळी कोणी पाळला की नाही, हे कधीच कळणार नाही. तरीही मी हे लिहीत आहे, कारण हा कागद तयार करताना जे घडते ते सगळे धडधाकटपणीच घडते, आणि माझ्या मते या सेवेचे निम्म्याहून अधिक मोल तिथेच वसूल होते. उरलेले मोल रुग्णालय, पंचायत आणि नातेवाईक यांच्या हाती आहे आणि त्याबद्दल माझ्या काही तक्रारी आहेत. मी फोंडा तालुक्यात राहतो, निवृत्त आहे, आणि माझ्या पत्नीने व मी एकाच वेळी आपापले कागद केले.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माणूस असाध्य आजाराने अंथरुणाला खिळला, दीर्घ उपचारांनंतरही बरे होण्याची आशा उरली नाही आणि स्वतःचा निर्णय सांगण्याची क्षमताही गेली, तर त्याच्यावर कोणते उपचार सुरूच करू नयेत आणि सुरू असल्यास कोणते थांबवावेत, याची त्याने आधीच, पूर्ण शुद्धीत आणि स्वेच्छेने लिहून ठेवलेली सूचना म्हणजे लिव्हिंग विल. इंजेक्शन देऊन मरण आणण्याशी याचा काहीही संबंध नाही. ते आपल्या देशात आजही गुन्हाच आहे. मृत्यू केवळ लांबवणारे उपचार नाकारणे आणि वेदना शमवणारे उपचार चालू ठेवणे, एवढीच या कागदाची कक्षा आहे.

मराठी वाचकाला या विषयाची पहिली ओळख बहुधा अरुणा शानबाग यांच्यामुळे झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील या परिचारिकेवर १९७३ मध्ये अमानुष हल्ला झाला आणि त्यानंतर २०१५ पर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ, त्या त्याच रुग्णालयात खाटेवर होत्या. त्यांचे उपचार थांबवण्याची विनंती सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली, पण काही अटींवर निष्क्रिय दयामरणाचे, म्हणजे उपचार थांबवून मृत्यू येऊ देण्याचे, तत्त्व त्याच निकालात मान्य केले. पुढे ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगून लिव्हिंग विलला मान्यता दिली. त्या वेळी घातलेली प्रक्रिया मात्र इतकी अवघड होती, कागदावर न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी हवी, निर्णयापूर्वी त्यांनी स्वतः येऊन रुग्ण पाहावा इत्यादी, की सामान्य माणसाने तिच्या वाटेला जाऊच नये. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर स्वाक्षरी करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्याकडून ती साक्षांकित करून घ्यायची, एवढ्यावर कागद पुरा होतो.

गोव्याचे नाव या कथेत २०२४ मध्ये येते. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे तेव्हाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी पर्वरी येथे स्वतःचे लिव्हिंग विल केले, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार ही व्यवस्था प्रत्यक्षात आणणारे पहिले राज्य म्हणून गोव्याची नोंद झाली. न्यायाधीशाने दुसऱ्याच्या हक्कांवर निकाल देणे हे नेहमीचेच. स्वतःच्या मरणाच्या कागदावर सर्वांसमोर सही करणे वेगळे, आणि मला तरी हा विषय घरात काढण्याचे बळ त्या बातमीनेच दिले. २०११च्या जनगणनेत साठीच्या पुढच्या लोकसंख्येचे प्रमाण केरळात १२.६ टक्के आणि गोव्यात ११.२ टक्के होते. देशातील सर्वांत म्हाताऱ्या राज्यांत आपली गणना होते. त्यात घरटी एक तरी मूल आखातात, पोर्तुगालात, इंग्लंडात, निदान पुण्या-बंगळुरात. अशा राज्याने यात पुढाकार घ्यावा हे स्वाभाविकच आहे.

आता कागदाकडे वळतो. आम्ही वापरलेला नमुना एका परिचित डॉक्टरांकडून मिळाला. तो इंग्रजीत होता, आणि माझी पहिली तक्रार तीच आहे. गोव्यात जो म्हातारा रोज सकाळी मराठी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो, त्याने आपल्या आयुष्याचा शेवटचा निर्णय परक्या भाषेतल्या चौकोनांत खुणा करून सांगावा ही अपेक्षा बरी नाही. आम्ही शेवटी प्रत्येक कलमाखाली मराठीत एकेक परिच्छेद स्वतः लिहिला आणि त्यावरही साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. न्यायालयाची अट एवढीच आहे की मजकूर स्पष्ट आणि निःसंदिग्ध असावा. मराठीत तो आम्हाला जास्त स्पष्ट लिहिता आला.

नमुन्याचा पहिला भाग उपचारांच्या यादीचा आहे. हृदय बंद पडल्यास छाती दाबून ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न, व्हेंटिलेटर, डायलिसिस, नाकातून घालायची राइल्स ट्यूब, गळ्याला छिद्र पाडून बसवायची नळी, रक्त देणे, प्रतिजैविके. प्रत्येकासमोर हो किंवा नाही. हा भाग डॉक्टरांसोबत बसल्याशिवाय भरू नये असे मी आग्रहाने सांगेन. चित्रपटांत छातीवर दाब दिला की रुग्ण डोळे उघडतो. म्हाताऱ्या, जर्जर देहात त्याच दाबाने बरगड्या मोडू शकतात आणि अखेरच्या अवस्थेतल्या आजारात त्यातून हाती फारसे काही लागत नाही, हे आम्हाला प्रथमच कोणीतरी समोर बसून सांगितले. तसेच उलट बाजूने, डायलिसिस म्हणजे शेवट नव्हे, कितीतरी माणसे त्यावर वर्षानुवर्षे आपले आयुष्य जगतात, हेही त्यांनी स्पष्ट केले. त्यामुळे ‘डायलिसिस नको’ असे सरसकट लिहिण्याऐवजी ‘बरे होण्याची आशा संपलेली असताना डायलिसिस नको’ असे आम्ही लिहिले. या फरकाला फार किंमत आहे. भीतीच्या भरात सगळ्याच चौकोनांत ‘नाही’ची खूण करणारा माणूस जगण्यालाही नाही म्हणून बसण्याचा संभव असतो.

दुसरा भाग लहान आहे आणि माझ्या मते संपूर्ण सेवेचा गाभा तोच. त्यात एकच प्रश्न आहे आणि त्याखाली कोऱ्या रेघा. तुमच्या दृष्टीने कोणत्या गोष्टी जगण्याला अर्थ देतात, आणि कोणत्या अवस्थेत जगणे तुम्हाला मान्य नसेल? उपचारांच्या चौकोनांना अर्ध्या तासात उत्तरे देता येतात. या रेघा भरायला आम्हाला पावसाळ्याचा बराच काळ लागला.

मी प्रथम जे लिहिले ते कोणीही लिहील तसेच होते: माणसे ओळखता यावीत, स्वतःच्या हाताने जेवता यावे, वाचता यावे. पत्नीने ते वाचून कागद परत दिला आणि म्हणाली, “वाचता येत नसेल तर जगायचं नाही असं लिहिलंत खरं, पण गेल्या वर्षभरात तुम्ही शेवटपर्यंत वाचलेलं पुस्तक कोणतं ते सांगा पाहू.” मला एकाचेही नाव आठवेना. ज्या गोष्टीवाचून जगणे व्यर्थ आहे असे मी कायद्याच्या कागदावर साक्षीदारांसमोर सांगणार होतो, ती गोष्ट मी डोळे शाबूत असताना करतच नव्हतो. तिच्या कागदावर मी तसाच सूड उगवला. तिने ‘लोकांत मिसळता यावे’ असे लिहिले होते आणि गावच्या देवळातील भजनी सप्ताहाला ती कित्येक वर्षांत फिरकलेली नव्हती. गुडघे दुखतात, रात्री यायला उशीर होतो, अशी कारणे होती. त्या रेघांनी आमच्याकडून जी यादी काढून घेतली ती मरणाविषयी फार थोडे आणि आमच्या दिनक्रमाविषयी पुष्कळ सांगणारी होती.

मृत्यू डोळ्यांसमोर ठेवला की माणूस भरभरून जगू लागतो, असे प्रवचनांतून आपण ऐकत आलेलो असतो, आणि ऐकून घरी येऊन पुन्हा दूरचित्रवाणीसमोर बसतो. मोघम मृत्यूने काही होत नाही, हे माझे मत या कागदाने पक्के केले. सगळेच मरणार हे कोणाला ठाऊक नाही? ‘माझ्या नाकात नळी घालायची की नाही’ या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस मात्र आपल्याच देहाबद्दल बोलत असतो, आणि तिथून ‘मग नळी नसताना मी या तोंडाने काय करतो आहे’ हा प्रश्न एका पावलावर असतो. माझ्यापुरते सांगायचे तर त्या पावसाळ्यानंतर मी पुन्हा वाचू लागलो, रोज दुपारी, ठरवून, औषध घेतल्यासारखा. आता ते औषधासारखे वाटत नाही. पत्नी सप्ताहाला रिक्षाने जाते आणि लवकर निघून येते, ज्याला कोणाचीच हरकत नसते हे तिला आता कळले आहे. आणि एका कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) वाटणीवरून चुलतभावांशी चाललेला जो दावा मी इमानेइतबारे वाहत होतो, त्याच्या तारखांना आता माझा पुतण्या जातो. दावा मी सोडलेला नाही. तेवढा मी सुधारलो नाही. पण त्या तारखांचे दिवस माझे मला परत मिळाले आहेत.

पुढचा टप्पा पालक नेमण्याचा. आपण बोलू शकत नसू तेव्हा आपल्या वतीने संमती किंवा नकार कोण देणार, त्याचे नाव कागदात लिहावे लागते; २०२३च्या बदलानंतर एकाहून अधिक नावे देता येतात. इथे बहुतेक गोमंतकीय घरांची पंचाईत होते. मुलगा परदेशी असतो आणि पहिले नाव त्याचे लिहिले नाही तर त्याला वाईट वाटेल अशी भीती असते. आमच्या मुलीने स्वतःच हा तिढा सोडवला. फोनवर ती म्हणाली, “बाबा, मी विमानात असताना डॉक्टर कोणाला विचारणार? मावशीच्या मुलीचं नाव आधी घाला, माझं नंतर.” मावशीची मुलगी मडगावला राहते, तिचे डोके शांत आहे आणि मुख्य म्हणजे ती डॉक्टरांना उलट प्रश्न विचारू शकते. पालक निवडताना प्रेम किती आहे यापेक्षा अतिदक्षता विभागाच्या दारात उभे राहून नातलगांच्या गोंगाटात ‘त्यांनी असे लिहून ठेवले आहे’ हे वाक्य कोण ठामपणे उच्चारू शकेल ते पाहावे. ज्यांना तो भार सोसणार नाही अशा हळव्या माणसाच्या गळ्यात ही जबाबदारी घालू नये. आणि ज्यांना नेमले त्यांच्याशी एकदा सविस्तर बोलावे. नुसती प्रत पाठवून भागत नाही. आमचे ते बोलणे एका रविवारी जेवणानंतर झाले, त्यात अपेक्षेहून जास्त हसणे होते, आणि भाचीने माझ्या पत्नीला विचारलेले काही प्रश्न मी इतक्या वर्षांच्या संसारात विचारलेले नव्हते.

साक्षीदार शक्यतो नात्याबाहेरचे असावेत. आमचे एक साक्षीदार शेजारचे ख्रिस्ती गृहस्थ. त्यांना आधी संकोच होता, चर्चला हे चालेल का याचा. त्यांच्या पाद्रींनी त्यांना समजावले की असाधारण उपचार स्वीकारलेच पाहिजेत असे चर्च कधीच म्हणत नाही. पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्येच भूलतज्ज्ञांसमोर हे स्पष्ट केले होते. सही करून झाल्यावर त्यांनी त्याच नमुन्याची एक कोरी प्रत मागून घेतली.

नोटरीचा अनुभव मात्र सामान्य होता. ज्यांच्याकडे आम्ही गेलो त्या वकिलांचे नाव सांगत नाही, कारण त्यांच्यासारखेच बरेच असावेत. त्यांच्या कारकुनाने कागद उलटसुलट करून विचारले, “हें कित्याक जाय तुमकां? तुमी तर बरे आसात न्ही?” (हे कशाला हवे तुम्हाला? तुम्ही तर बरे आहात ना?) प्रश्नात आपुलकी होती. त्यानंतर मात्र वकीलसाहेबांनी पानांवर नजरही न टाकता शिक्के मारायला सुरुवात केली. नियमानुसार कागद स्वेच्छेने, कोणत्याही दबावाशिवाय आणि परिणाम समजून केला आहे याची खात्री करून नोटरीने तशी नोंद करायची असते. मीच त्यांना तेवढे वाक्य लिहून घ्यायला लावले. उद्या एखाद्या नातलगाने ‘म्हाताऱ्याकडून जबरदस्तीने सही घेतली’ असा आक्षेप घेतला तर आधार त्या एका वाक्याचाच असणार आहे. ओळखीचा राजपत्रित अधिकारी असल्यास तो पर्याय अधिक बरा; वेळ देऊन वाचून सही करणारा मिळाला तर फारच उत्तम. खर्च एकूण काही शेकड्यांत आटोपला. ज्या कामासाठी हजारो रुपयांची ‘पॅकेज’ सांगणारे सल्लागार आता दिसू लागले आहेत, त्याला प्रत्यक्षात एवढाच खर्च येतो.

गोव्यात या सेवेपुढे आणखी एक अडथळा आहे आणि तो आपल्याच कायद्यातून येतो. इथे ‘विल’ म्हटले की समोरच्याच्या डोळ्यांपुढे घर, भाट (माडांची बाग) आणि वारसदार उभे राहतात. आपल्याकडे १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली व्यवस्था आहे: सामान्यतः पती-पत्नींची मालमत्ता सामाईक, आणि मागे ठेवलेल्या मालमत्तेतला अर्धा वाटा मुलाबाळांसारख्या वारसांसाठी राखीव, तो मृत्युपत्राने हिरावून घेता येत नाही. २०१२च्या गोवा उत्तराधिकार कायद्यातही हेच तत्त्व पुढे चालू आहे. मृत्युपत्र करायचे तर ते विशेष नोटरीसमोर, म्हणजे नोंदणी कार्यालयात. लिव्हिंग विलसाठी त्या खिडकीवर जाण्याची काहीच गरज नाही. साधा नोटरी पुरतो. आम्हाला मात्र दोन-तीन हितचिंतकांनी त्याच रांगेत उभे राहायला सांगितले होते, आणि एकाने तर, “अजून मुलीला काही सांगू नका, जावई विचारील,” असा सल्लाही दिला. कागदात मालमत्तेचा एक शब्द नाही हे त्यांना शेवटपर्यंत पटले नाही.

यावर मी बराच विचार केला. मरणानंतर आपल्या जमिनीचे काय व्हावे याचा निम्मा निकाल गोव्याच्या कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या आधीच लावून ठेवला आहे, आणि उरलेल्या निम्म्यासाठी आपण वकिलांकडे खेटे घालतो, इन्व्हेंटरीच्या, म्हणजे वारसांतील वाटणीच्या, दाव्यांत भावाभावांचे तोंड बघत नाही. मरणाआधीच्या शेवटच्या दहा दिवसांत स्वतःच्या देहाचे काय व्हावे, हा प्रश्न मात्र आपण ज्याला रात्री दोन वाजता फोन लागेल त्या नातलगावर सोडून मोकळे होतो. मृत्यूकडे पाठ फिरवणारा आपला समाज नाही. इथल्या वर्तमानपत्रांत श्रद्धांजली आणि पुण्यस्मरणाच्या छायाचित्रांनी पानेच्या पाने भरतात, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवाच्या दर्शनासाठी दर दहा वर्षांनी लाखो लोक जुन्या गोव्यात रांगा लावतात. दुसऱ्याच्या मरणाशी आपले एवढे सख्य असून स्वतःच्या मरणाची गोष्ट निघाली की ‘शुभ बोल रे’ का म्हणतो, हे मला उमगलेले नाही.

कागद झाल्यावर त्याच्या प्रती कुठे द्यायच्या हा भाग या सेवेतला सर्वांत कच्चा दुवा आहे. पालकांना द्यायची, घरच्या डॉक्टरांना द्यायची, आणि एक प्रत पंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिकेच्या सक्षम अधिकाऱ्याकडे सोपवायची, असे निर्देश आहेत. शेजारच्या महाराष्ट्रात हा अधिकारी नेमला जावा म्हणून डॉ. निखिल दातार या मुंबईच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना उच्च न्यायालयात जावे लागले होते, त्यानंतर तिथल्या सरकारने नागरी संस्थांमध्ये असे अधिकारी नेमले. ज्या पंचायतीत मी प्रत दिली तिथले सचिव सौजन्याने वागले, पण हा कागद कोणत्या नोंदवहीत घ्यायचा हे त्यांना सांगता येईना. घराच्या दुरुस्तीचे अर्ज आणि जन्ममृत्यूचे दाखले यांच्यामध्ये कुठेतरी, आवक क्रमांक घालून, तो विसावला. पोच मिळाली. उद्या मध्यरात्री एखाद्या रुग्णालयाने त्या पंचायतीत खातरजमा करायची ठरवली तर काय होईल याची मला कल्पना करवत नाही. डिजिटल आरोग्य नोंदीत हा कागद जोडण्याची मुभाही न्यायालयाने दिली आहे आणि खरा तोडगा तोच ठरेल. म्हाताऱ्या माणसाला ते आज स्वतःहून सहज जमेल असे मात्र नाही.

रुग्णालयाच्या दारात कागद गेल्यावर पुढची वाट अशी आहे. उपचार करणारे डॉक्टर कागदाची सत्यता पडताळतात. त्यांच्यासह किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले आणखी दोन तज्ज्ञ मिळून प्राथमिक वैद्यकीय मंडळ होते आणि ते शक्यतो ४८ तासांत मत देते. मग दुसरे मंडळ, ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेले एक डॉक्टर असतात. तेही शक्यतो ४८ तासांत. दोन्हींचे एकमत झाले आणि पालकांनी संमती दिली की न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवून उपचार थांबवता येतात. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयाचे दार आहे. माझ्या ओळखीच्या काही डॉक्टरांना हे दोन मंडळांचे जोखड वाटते. मला ते योग्य वाटते. जिथे म्हाताऱ्याच्या जमिनीवर बिल्डरचा डोळा असू शकतो आणि जिथे उपचारांचे बिल कुटुंब बुडवू शकते, तिथे कागद हाती पडताच नळ्या काढल्या जाऊ नयेत. पण लहान खाजगी रुग्णालयात ही मंडळे किती तत्परतेने भरतील, याबद्दल मला शंका आहे. म्हणून रुग्णालय निवडण्याचा प्रसंग आलाच तर तिथे हा कागद पूर्वी कधी हाताळला आहे का, एवढे दाखल होतानाच विचारावे, असे पालकांसाठी मी माझ्या कागदात लिहून ठेवले आहे.

आणखी एक उणीव सांगितलीच पाहिजे. काय नको ते या कागदाने सांगता येते. काय हवे ते पुरवणारे कोणीतरी लागते. व्हेंटिलेटर नाकारणाऱ्याला दम लागलेला असताना आराम देणारे औषध मिळाले नाही तर त्याच्या नकाराची शिक्षा त्यालाच होते. वेदनेवरचे मॉर्फिन मिळण्याची वाट २०१४च्या कायदा-दुरुस्तीने थोडी सुकर केली, पण घरी येऊन शुश्रूषा करणारे परिचारकांचे पथक आपल्या तालुक्यात आहे का, ते कोणत्या दिवशी येते, रात्री फोन उचलते का, याची चौकशी सही करण्यापूर्वीच करून घ्यावी. लिव्हिंग विलचा नमुना वाटणाऱ्या प्रत्येकाने त्याच्या पाठीमागे अशा सेवांचे पत्ते छापले तर ते फार मोठे काम होईल.

गुण द्यायचेच तर कागद म्हणून पाचपैकी साडेचार, सरकारी सेवा म्हणून अडीच. साठी उलटलेल्या, एकटे राहणाऱ्या किंवा मुले दूर असलेल्या प्रत्येकाने तो करावा. खरे तर चाळिशीतल्यांनीही करावा, कारण अपघात वय विचारून होत नाहीत. ज्यांच्या घरी सध्या कोणी अत्यवस्थ आहे त्यांनी मात्र त्या धांदलीत स्वतःचा कागद करू नये. समोरच्या खाटेवरच्या माणसाचे उत्तर आपले म्हणून लिहिले जाते. आणि एकट्याने बसून भरू नका. ज्याला आपल्याला ‘हे तुम्ही खरंच करता का?’ असे विचारण्याचा अधिकार आहे, असा माणूस समोर हवा.

हा कागद केव्हाही लेखी रद्द करता येतो आणि एकाहून अधिक असल्यास शेवटी सही केलेला ग्राह्य धरला जातो. माझ्या पत्नीने ही सोय लगेचच वापरून पाहिली. तिने पहिला कागद रद्द करून दुसरा केला, जुन्या प्रती सगळ्यांकडून परत मागवल्या, आणि नव्यात एक कलम वाढवले की तिच्या शेवटच्या दिवसांत खोलीत बातम्यांची वाहिनी लावू नये आणि जे भेटायला येतील त्यांनी तिच्या उशाशी बसून तिच्याबद्दल नव्हे, तिच्याशी बोलावे, ती ऐकत असो वा नसो. या वेळी आम्ही दुसऱ्या नोटरींकडे गेलो होतो. त्यांनी सगळा मजकूर वाचला, त्या कलमावर थांबले आणि म्हणाले की याची कायद्याने अंमलबजावणी होऊ शकणार नाही, पण ठेवायला हरकत नाही, आणि त्या पानावरही त्यांनी शिक्का मारला.